पहिली चार मिनिटं

आपण आयटीवाले "इमर्जन्सी" हा शब्द फार स्वस्तात वापरतो. शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शन सर्व्हर झोपला की इमर्जन्सी. क्लायंटची लाल अक्षरांतली मेल आली की इमर्जन्सी. पण एक गोष्ट मान्य करायला हवी. सर्व्हर पडला तर काय करायचं हे आपल्याला पाठ असतं. आधी कोणी बघायचं, मग कोणाला उठवायचं, किती मिनिटांत कोणी उत्तर द्यायचं, सगळं लिहून ठेवलेलं असतं. आता सांगा, शेजारच्या खुर्चीतला माणूस पडला तर काय करायचं?

गेले दोन-तीन वीकेंड मी याच प्रश्नाच्या मागे लागलो होतो. वाचता वाचता जो इतिहास हाताला लागला, तो डॉक्टरांचा आहेच, पण भलत्याच लोकांचाही तितकाच आहे. एक निवृत्त इलेक्ट्रिकल इंजिनियर, एक खेळणी बनवणारा गृहस्थ, पिट्सबर्गमधले काही बेरोजगार तरुण, आणि हो, एक सॉफ्टवेअर कंपनीसुद्धा. म्हणून हा लेख. जरा लांबलाय, तेव्हा चहा घेऊनच बसा.

सुरुवातीला दोनच आकडे. हृदय अचानक बंद पडलं की मेंदूचा रक्तपुरवठा थांबतो आणि साधारण ४ ते ६ मिनिटांत मेंदूला कायमची इजा व्हायला लागते. कोणी काहीच केलं नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणजे दहा मिनिटांत खेळ आटोपला. आता मनातल्या मनात पुण्यातला हिंजवडीचा रस्ता किंवा मुंबईतला वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे आणा, संध्याकाळी सहाची वेळ धरा, आणि त्यावरून दहा मिनिटांत अ‍ॅम्ब्युलन्स आणून दाखवा. जमलं? नाही ना? हा पूर्ण इतिहास याच गणिताशी झगडण्याचा आहे.

कालव्यात पडलेली माणसं

१७६७ साल, अ‍ॅमस्टरडॅम. शहरभर कालवे. रात्री-अपरात्री माणसं पाण्यात पडायची, बाहेर काढेपर्यंत निळी पडलेली असायची आणि लोक त्यांना मेलेलं समजून मोकळे व्हायचे. शहरातल्या काही मंडळींनी मिळून बुडालेल्यांना वाचवण्यासाठी एक संस्था काढली. तिच्या सूचना अशा: अंगाला ऊब द्या, चोळा, तोंडाला तोंड लावून हवा भरा, आणि तंबाखूचा धूर द्या. हा धूर तोंडातून द्यायचा नव्हता बरं का, मागच्या बाजूने, नळीतून द्यायचा होता! हसू येतं, पण त्या काळच्या वैद्यकात हा गंभीर उपाय होता. वाचवणाऱ्याला सोन्याचं पदक किंवा सहा डुकॅट असं बक्षीस होतं.

ही कल्पना लंडनला पोचली. १७७४ मध्ये विल्यम हॉज आणि थॉमस कोगन या दोन डॉक्टरांनी मित्रांना एका कॉफी हाऊसमध्ये बोलावून तशीच संस्था काढली. पुढे तीच रॉयल ह्युमेन सोसायटी झाली. त्याआधी हॉज स्वतःच्या खिशातून पैसे देत असे: बुडालेला माणूस वेळेत माझ्याकडे आणा आणि बक्षीस घ्या. संस्थेच्या सुरुवातीच्या लांबलचक नावातच "तत्काळ मदत" आणि "मेल्यासारखे दिसणारे" असे शब्द होते. हा दुसरा शब्दप्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. मेलेला माणूस आणि मेल्यासारखा दिसणारा माणूस या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, आणि दोन्हींतला फरक आपण आत्ता काय करतो यावर ठरतो, हे सामान्य लोकांना पहिल्यांदाच कोणीतरी सांगत होतं.

लंडनकरांची बक्षीस योजना बारकाईने आखलेली होती. वाचवायचा प्रयत्न केला तर दोन गिनी, माणूस जगला तर चार. आणि ज्याने आपल्या घरात किंवा दारूच्या गुत्त्यात तो "मृतदेह" उपचारासाठी घेऊ दिला, त्याला एक गिनी. कारण खरी अडचण तिथेच होती. ओलागच्च, निर्जीव दिसणारा परका माणूस आपल्या घरात कोण घेणार? पुढे व्हायचं तेच झालं. दोघं दोघं ठरवून यायला लागले. एक बुडाल्याचं नाटक करणार, दुसरा वाचवणार, पैसे अर्धे अर्धे. शेवटी संस्थेने रोख बंद करून पदकं आणि प्रशस्तिपत्रकं सुरू केली. इन्सेंटिव्ह स्कीममध्ये पळवाट शोधणं हे काही आपल्या अप्रेझलनंतर सुरू झालेलं नाही :)

दीडशे वर्षांचा चुकीचा रस्ता

गंमत बघा. तोंडाने श्वास देणं ही गोष्ट १७६७ मध्ये माहीत होती. मग आपल्या आजोबांच्या काळापर्यंत ती गेली कुठे?

तिला विज्ञानानेच घालवलं. त्याच दशकात प्रीस्टली, शील, लाव्हाझिए वगैरे मंडळींनी प्राणवायू शोधला आणि उच्छ्वासातली हवा "वापरलेली" असते हे कळलं. मग कोणीतरी विचारलं, वापरलेली हवा दुसऱ्याला देऊन काय उपयोग? सोसायटी लोहाराच्या भात्याकडे वळली. एकोणिसाव्या शतकात तर हात-पाय-पाठ हलवण्याच्या पद्धतींची रांगच लागली. १८५६ मध्ये मार्शल हॉलची, माणसाला कुशीवर आणि पालथं लोळवायची. १८५८ मध्ये सिल्व्हेस्टरची, हात डोक्यावर उचलून छातीवर दाबायची. १९०३ मध्ये शेफरची, पालथं घालून पाठ दाबायची. १९३२ मध्ये होल्गर नील्सनची, पाठ दाबून कोपर उचलायची. पिढ्यान् पिढ्या स्काउटची मुलं हे शिकली, परीक्षा देऊन बिल्ले मिळवले. आणि यातल्या बहुतेक पद्धतींनी बेशुद्ध माणसाच्या फुप्फुसात पुरेशी हवा जातच नव्हती, कारण बेशुद्धीत जीभ मागे पडून घसाच बंद होतो.

हे मोजून बघायला १९५० चं दशक उजाडावं लागलं. जेम्स इलम नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९४६ च्या पोलिओच्या साथीत एका निळ्या पडलेल्या मुलाच्या नाकातून स्वतःच्या तोंडाने हवा भरली होती आणि तो मुलगा गुलाबी होताना पाहिला होता. पुढे त्याने आकडे काढले. बाहेरच्या हवेत प्राणवायू २१ टक्के, आपल्या उच्छ्वासात १६-१७ टक्के. एवढा पुरतो! "वापरलेली हवा" वाया गेलेली नव्हतीच.

१९५६ मध्ये इलमची गाठ पीटर साफार या भूलतज्ज्ञाशी पडली. साफार मूळचा व्हिएन्नाचा, तेव्हा बाल्टिमोरला होता. त्याने पुढे केलेले प्रयोग आज कुठलीही समिती मंजूर करणार नाही. धडधाकट स्वयंसेवकांना गुंगी आणि स्नायू लुळे करणारं औषध द्यायचं, म्हणजे ते स्वतः श्वास घेऊच शकत नाहीत, आणि मग ज्यांचा वैद्यकाशी काही संबंध नाही अशा साध्या लोकांना सांगायचं, आता तुम्ही यांना तोंडाने श्वास द्या. त्यांना जमलं. डोकं मागे कलवलं की घसा मोकळा होतो, आणि तोंडाने दिलेला श्वास पाठ दाबण्यापेक्षा कितीतरी जास्त हवा आत पोचवतो, हे १९५८ पर्यंत सिद्ध झालं. हे साधं माणूसही करू शकतो, हेही त्याच प्रयोगाने दाखवून दिलं.

इंजिनियर, कुत्रे आणि दोन हात

आता आपल्या जातभाईची गोष्ट. विल्यम काउवेनहोव्हन हा जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनियरिंगचा प्राध्यापक होता. डॉक्टर नव्हे. वीज कंपन्यांचे लाइनमन शॉक लागून मरायचे, त्यांचं हृदय विजेनेच पुन्हा सुरू करता येईल का, यावर त्याने कित्येक वर्षं काम केलं आणि निवृत्तीनंतरही चालू ठेवलं. छाती न उघडता शॉक देणारं यंत्र त्याच्या गटाने बनवलं.

१९५८ मध्ये गाय निकरबॉकर हा त्याच गटातला विद्यार्थी (तोही इंजिनियरच) कुत्र्यांवर प्रयोग करत होता. त्याच्या लक्षात आलं की शॉक द्यायच्या जड पट्ट्या छातीवर दाबून ठेवल्या की, शॉक देण्याआधीच, रक्तदाबाची रेघ थोडी वर उडते. नुसत्या दाबाने! आपण लॉगमधली अशी बारीक ओळ "काहीतरी नॉइज असेल" म्हणून सोडून देतो. त्याने सोडली नाही. जेम्स ज्यूड या सर्जनला त्याचं महत्त्व लगेच समजलं. तोपर्यंत बंद पडलेलं हृदय चालवायचं तर छाती फाडून ते हाताने पिळावं लागे, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या बाहेर काही आशाच नव्हती.

जुलै १९६० मध्ये तिघांचा शोधनिबंध आला. वीस रुग्ण, त्यातले चौदा जगले. त्याचा मथितार्थ असा होता की यापुढे हे कोणीही, कुठेही करू शकेल, त्याला दोन हातांपलीकडे काही लागत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये साफारचा श्वास आणि यांचा दाब एकत्र मांडले गेले आणि आज ज्याला आपण सीपीआर म्हणतो ते तयार झालं. काउवेनहोव्हनला पुढे १९६९ मध्ये जॉन्स हॉपकिन्सने मानद एमडी दिली.

शिकवायचं कसं? एकमेकांच्या बरगड्या मोडून तर शिकता येत नाही. इथे नॉर्वेचा आस्मुंड लेर्डाल येतो. हा खेळणी आणि बाहुल्या बनवणारा उद्योजक. त्याचा स्वतःचा लहानगा मुलगा एकदा बुडता बुडता वाचला होता. डॉक्टरांनी त्याला माणसाएवढी बाहुली बनवायला सांगितली आणि १९६० मध्ये "रिसस्सी अ‍ॅन" बाजारात आली. तिचा चेहरा पॅरिसच्या सीन नदीत सापडलेल्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या एका अनामिक मुलीच्या मुखवट्यावरून घेतलाय. म्हणजे ही सारी गोष्ट बुडालेल्या माणसांपासून सुरू झाली आणि तिचा चेहराही बुडालेल्या मुलीचाच राहिला.

शववाहिका ते अ‍ॅम्ब्युलन्स

हात तयार झाले. आता गाडी.

१९६६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंवर एक अहवाल काढला. त्यात नमूद होतं की देशातल्या जवळजवळ निम्म्या अ‍ॅम्ब्युलन्स सेवा अंत्यसंस्कार करणारे व्यावसायिक चालवतात. कारण अगदी व्यवहारी: आडवा माणूस मावेल अशी लांब गाडी त्यांच्याकडेच असायची! उरलेल्या बऱ्याच ठिकाणी पोलिसांची गाडी यायची, माणसाला मागे टाकायची आणि सुटायची. मागे त्याच्यासोबत कोणी नाही.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला बेलफास्टमध्ये फ्रँक पँट्रिज या हृदयरोगतज्ज्ञाने उलटा विचार केला. हार्ट अटॅकचे बरेचसे मृत्यू रुग्णालयात पोचण्याआधीच होतात, तर मग रुग्णालयच रस्त्यावर का आणू नये? त्याने शॉकचं यंत्र कारच्या बॅटरीवर चालवून अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बसवलं. वजन सुमारे ७० किलो. दोन-तीन वर्षांत ते तीन-साडेतीन किलोंवर आलं. आज विमानतळांवर आणि मॉलमध्ये भिंतीवर जी एईडी नावाची पेटी दिसते, ती याच घराण्यातली. ती उघडली की काय करायचं ते स्वतः बोलून सांगते, आणि गरज नसेल तर शॉक देतच नाही.

साफार तोवर पिट्सबर्गला आला होता. १९६६ मध्ये त्याची अकरा वर्षांची मुलगी एलिझाबेथ दम्याच्या झटक्याने गेली. तो तेव्हा परगावी परिषदेला गेला होता. जगाला श्वास द्यायला शिकवणाऱ्या माणसाची मुलगी श्वास न मिळून गेली. त्यानंतर त्याने रुग्णालयाबाहेरच्या वेळेचाच ध्यास घेतला.

१९६७ मध्ये पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्ट या काळ्या वस्तीत "फ्रीडम हाऊस" नावाची अ‍ॅम्ब्युलन्स सेवा सुरू झाली. त्या वस्तीत पोलिसांची गाडी उशिरा यायची, कधी यायचीच नाही. सेवेत घेतलेली मुलं त्याच वस्तीतली, बहुतेक बेरोजगार, काहींचं शालेय शिक्षणही अर्धवट. साफारने त्यांना सुमारे ३०० तासांचं प्रशिक्षण दिलं. गाडीची रचनाही त्यानेच आखली. पहिल्याच वर्षी त्यांनी पाच हजारांहून जास्त कॉल घेतले. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन तिथे आली आणि या मुलांबरोबर केलेल्या कामातून अमेरिकेतल्या पॅरामेडिकचा राष्ट्रीय अभ्यासक्रम तयार झाला. आणि शहराने काय केलं? १९७५ मध्ये ही सेवा बंद करून स्वतःची सुरू केली, आणि तिच्यात या मंडळींना हळूहळू बाजूला सारलं. ज्यांनी काम शिकवलं त्यांनाच नव्या सिस्टिममध्ये जागा नाही... असो.

नंबर

गाडी आहे, पण ती बोलवायची कशी? यासाठी थोडं मागे, १९३५ च्या लंडनमध्ये जावं लागेल. विम्पोल स्ट्रीटवर एका घराला आग लागली, पाच स्त्रिया मेल्या. शेजाऱ्याने अग्निशमन दलाला फोन लावला होता, पण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्याचा कॉल इतर कॉलच्या रांगेत अडकला. त्याने चिडून "टाइम्स"ला पत्र लिहिलं. चौकशी झाली आणि ३० जून १९३७ ला लंडनमध्ये ९९९ सुरू झाला. हा नंबर फिरवला की एक्स्चेंजमध्ये लाल दिवा लागायचा आणि भोंगा वाजायचा, म्हणजे ऑपरेटर बाकीचं सोडून तोच कॉल घेणार. प्रायॉरिटी क्यू म्हणतो ना आपण, तीच. अमेरिकेत ९११ यायला १९६८ उजाडलं.

आणि भारतात? १०८ ची सुरुवात १५ ऑगस्ट २००५ ला हैदराबादेत झाली, आणि ती केली सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचे संस्थापक रामलिंग राजू यांनी. कॉल सेंटर, नकाशे, गाडी कुठे आहे याचा माग, हे सगळं आपल्याच धंद्यातलं ज्ञान. जानेवारी २००९ मध्ये सत्यमच्या हिशेबातला घोटाळा बाहेर आला, राजू तुरुंगात गेले, पण १०८ बंद पडली नाही. दुसऱ्या उद्योगसमूहाने ती सांभाळली. कंपनीचा इतिहास लिहिताना लोक घोटाळ्यापाशी थांबतात, मला मात्र ही दुसरी नोंदही त्याच पानावर असावीशी वाटते.

महाराष्ट्रात १०८ आली २०१४ मध्ये, ९३७ गाड्यांचा ताफा घेऊन, आणि प्रत्येक गाडीत डॉक्टर. २०१७ मध्ये मुंबईत बाइक अ‍ॅम्ब्युलन्सही निघाल्या, कारण ट्रॅफिकमधून आणि गल्लीतून मोठी गाडी जात नाही. २०१९ पासून ११२ हा पोलीस, आग आणि वैद्यकीय मदत अशा सगळ्यांसाठीचा एकच नंबर देशभर आणायला सुरुवात झाली.

"पोलीस केस आहे, हात लावू नका"

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. आपल्याकडची खरी लेटन्सी गाडीत नव्हती, भीतीत होती.

१९८९ चा परमानंद कटारा खटला बघा. स्कूटरवरून जाणाऱ्या एकाला गाडीने उडवलं. एका भल्या माणसाने त्याला जवळच्या रुग्णालयात नेलं. तिथे सांगितलं, पोलीस केस इथे घेत नाही, वीस किलोमीटरवरच्या अमुक रुग्णालयात जा. जखमी वाटेतच गेला. सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आधी जीव, मग कागद. डॉक्टर सरकारी असो वा खासगी, उपचार टाळता येणार नाहीत.

रुग्णालयाचं दार उघडलं. पण त्या भल्या माणसाचं काय? त्याला पोलीस स्टेशन, जबाब, कोर्टाच्या तारखा... त्याच्या संरक्षणासाठी केंद्राने २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या बंधनकारक केल्या. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलमच आलं. रस्त्यावरच्या अपघातात तुम्ही सद्‌भावनेने मदत केली, तर तुमच्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही आणि नाव सांगायची सक्ती करता येत नाही. लंडनच्या गुत्तेवाल्याला एक गिनी दिली होती, त्याचंच हे आपलं रूप म्हणायचं. हे कलम कृपया चार लोकांना सांगा. अजूनही बऱ्याच जणांना माहीत नाही.

वीस माणसं आणि कोणीच नाही

कायदा झाला, गाडी झाली, नंबर झाला. आता राहिलो आपण.

मार्च १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून झाला आणि ३८ जण नुसते बघत राहिले अशी बातमी छापून आली. ती बातमी बरीच फुगवलेली होती हे पुढे सिद्ध झालं. पण तिच्यामुळे जॉन डार्ली आणि बिब लाटाने या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये एक सुंदर प्रयोग छापला. विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत बसून इंटरकॉमवर गप्पा मारतात. मध्येच एकाला फिट आल्याचा आवाज येतो (आवाज टेप केलेला). ज्याला वाटत होतं की ऐकणारा मी एकटाच आहे, अशांपैकी ८५ टक्के लोक तो आवाज संपायच्या आत मदतीला उठले. आणखी चार जण ऐकतायत असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले फक्त ३१ टक्के. आणि जे उठले नाहीत ते काही निर्दय नव्हते. त्यांचे हात थरथरत होते, घाम फुटला होता. दुसरा कोणी करेल, या वाक्यात ते अडकले होते.

हे वाचताना मला आमच्या ऑफिसचं कँटीन आठवलं. एका टेस्टरला जेवताना फिट आली. मी खाली पोचलो तेव्हा वीसेक जणांचं कडं झालं होतं, कोणी कांदा आणा म्हणत होतं, कोणी चप्पल हुंगवा म्हणत होतं. सगळे इंजिनियर बरं का. कँटीनमधले एक काका मात्र खाली बसले होते. त्यांनी आसपासच्या खुर्च्या सरकवल्या, त्याच्या डोक्याखाली आपला नॅपकिन घडी करून ठेवला, झटके थांबल्यावर त्याला कुशीवर वळवलं आणि मग एकाकडे बोट दाखवून म्हणाले, "तुम्ही, चष्मेवाले साहेब, १०८ लावा." तोपर्यंत कोणीही फोन केला नव्हता. काकांच्या घरी भाचीला फिट यायची, म्हणून त्यांना माहीत होतं. तो मुलगा आठवड्याने कामावर परत आला.

"कोणीतरी फोन करा" आणि "तुम्ही, चष्मेवाले साहेब" यातला फरक म्हणजेच त्या प्रयोगातला ८५ आणि ३१ मधला फरक. काकांनी डार्ली-लाटाने वाचलेले नव्हते.

आणि आता आपण

एवढ्या इतिहासातून मला एकच गोष्ट दिसते. अडीचशे वर्षं मदत पडलेल्या माणसाच्या जवळ जवळ सरकत आली आहे. रुग्णालयातून गाडीत, गाडीतून फोनवर, फोनवरून शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात. याच्या पुढे सरकायला आता जागाच नाही. पहिली चार मिनिटं कुठल्याच यंत्रणेची नसतात, ती शेजाऱ्याची असतात. आणि शेजाऱ्याचं पहिलं काम असतं ओळखणं.

म्हणून थोडक्यात, डॉक्टर मंडळींनी सगळीकडे सांगितलेलं तेच. माणूस हाक मारून, हलवून प्रतिसाद देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, तर हृदय बंद पडलंय असं समजा. मध्येच आचके दिल्यासारखा श्वास येतो, तो श्वास नव्हे, फसू नका. एकाला बोट दाखवून १०८ किंवा ११२ लावायला सांगा, दुसऱ्याला एईडी शोधायला पाठवा, आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला लागा. मिनिटाला १०० ते १२०, निदान पाच सेंटिमीटर खोल, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. श्वास देता येत नसेल तर नुसता दाबही चालतो, मोठ्या माणसांसाठी अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००८ मध्येच तसं सांगितलंय. बुडालेल्यांना आणि लहान मुलांना मात्र श्वासही महत्त्वाचा.

माणूस शुद्धीवर आहे, पण छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय, घाम फुटलाय, दुखणं हातात किंवा जबड्यात जातंय, तर "अ‍ॅसिडिटी असेल, थोडं पडून राहा" हे आपलं राष्ट्रीय वाक्य गिळा आणि निघा. तोंड एका बाजूला वाकडं, एक हात वर उचलत नाही, बोलणं अडखळतंय, तर पक्षाघात. तिथे मिनिटाला अंदाजे १९ लाख मेंदूपेशी जातात आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येतं. त्यामुळे घड्याळ बघा आणि शेवटचं व्यवस्थित कधी दिसले होते ते डॉक्टरांना सांगा. "सकाळपर्यंत बघू" म्हणू नका.

हे सगळं वाचून येत नाही. पोहणं वाचून येतं का? बाहुलीच्या छातीवर एकदा हात दाबून बघावा लागतो, तेव्हा कळतं की किती जोर लागतो आणि दोन मिनिटांत कसा दम निघतो. रेड क्रॉस, सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स, मोठी रुग्णालयं असे वर्ग घेतात, एका सकाळीत होतं. मी आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर कागद लावलाय, आत्तापर्यंत अकरा नावं आली आहेत. त्यात दोन वॉचमन आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजी आहेत. आजींचं म्हणणं, "आजोबांना काही झालं तर तुम्ही सगळे ऑफिसात असता, घरी मीच असते."

पुढच्या रविवारी वर्ग आहे. तुमच्याकडे असं काही झालं असेल तर जरूर कळवा.